काजूच्या बागेसाठी पिकअप: ४×२ घेऊन सजवू की सरळ ४×४ घेऊ?

काजूवाला_वाळपई | ४ जून, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचत होतो, आज अडलं म्हणून धागा काढतोय.

सत्तरीत वाळपईच्या पुढे आमची जमीन आहे. वर उतारावर काजू, खाली व्हाळाकाठी (ओढ्याकाठी) आजोबांनी लावलेलं कुळागर: पोफळी, नारळ, केळी, थोडी मिरी. डांबर वरच संपतं. तिथून खाली सव्वा किलोमीटर मातीची वाट, आणि तिचे शेवटचे तीनशे मीटर म्हणजे निव्वळ घसरगुंडी. मे महिन्यात तिथे टेम्पोसुद्धा आरामात उतरतो. पाऊस लागला की जांभ्यावरची लाल माती साबणासारखी होते आणि मग सप्टेंबर संपेपर्यंत खत डोक्यावरून खाली, केळीचे घड डोक्यावरून वर. डोकी मिळत नाहीत हल्ली.

दोन जुन्या डबल केबिन पिकअप बघून ठेवल्यात. एकाच कंपनीच्या, एकच मॉडेल. ४×२ (फक्त मागची दोन चाकं ओढणारी) दोन वर्षांनी नवी, सहा लाखांना. ४×४ (चारही चाकं ओढणारी) जुनी, जास्त पळालेली, आठ लाखांना. मनात असं आहे की ४×२ घ्यावी आणि वाचलेल्या दोन लाखांत चांगले टायर, मागे डिफरन्शियल लॉकर (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा), पुढे विंच (तारेने गाडी ओढणारी चरखी) आणि पाटे जरा उंच करून घ्यावेत. खोटं कशाला बोलू, थोडी हौसही आहे. गाडी चार लोकांत उठून दिसावी असं वाटतंच. पण मुख्य काम बागेचं.

अनुभवी लोकांनी सांगा.

---

डिचोलीकर | ४ जून, रात्री १०:०५

४×४. विषय संपला.

---

सावईची_लेक | ४ जून, रात्री १०:४०

विषय संपला काय? मी आठ वर्षं आमच्या कुळागरात ४×२ पिकअप चालवतेय. सुपारी, नारळ, शेणखत, सगळं त्याच गाडीतून. अडकले का? अडकले. पण मोजून तीनदा, आणि तिन्ही वेळा चूक माझी होती.

काजूवाला दादा, रिकामी पिकअप ही पावसातली सगळ्यात वाईट गाडी. इंजिन पुढे, ओढणारी चाकं मागे आणि मागे वजनच नाही. मी जून लागला की हौद्यात मागच्या चाकांच्या बरोबर वर रेतीची सहा पोती टाकते. दोरीने बांधते, नाहीतर ब्रेक मारल्यावर ती केबिनला येऊन आपटतात. एवढ्यानेच गाडी वेगळी वाटते. दुसरं, माझा एक नियम आहे: सलग तीन दिवस पाऊस झाला की गाडी वर, मी पायी.

आमचा चढ तुमच्याएवढा नाही, हे मात्र आधीच सांगते.

---

गणिती_म्हापसा | ५ जून, सकाळी ७:३०

चहा होईपर्यंत थोडा हिशोब. चढ किती आहे ते तुम्ही लिहिलं नाही, मी एकास चार धरतो, म्हणजे चार मीटर पुढे गेलात की एक मीटर वर.

४×४ मध्ये सगळं वजन ओढणाऱ्या चाकांवर असतं. तेव्हा चढायला टायर आणि माती यांच्यात निदान ०.२५ एवढी पकड हवी. ४×२ रिकामी असेल तर मागच्या चाकांवर जेमतेम ४२ टक्के वजन. चढावर थोडं मागे सरकतं, ४८ धरा. ०.२५ भागिले ०.४८, म्हणजे ०.५२. मागे भरपूर माल टाकला तर मागचा वाटा ६७ टक्क्यांवर जातो आणि गरज उतरते ०.३७ वर.

आता ओल्या चिकण मातीची पकड अंदाजे ०.३ ते ०.४. कोरड्या डांबरावर हीच ०.७ च्या वर असते, म्हणून तिथे कुणालाच फरक कळत नाही. थोडक्यात, रिकामी ४×२ तुमच्या घसरगुंडीवर चढणारच नाही, भरलेली काठावर पास होईल आणि ४×४ ला थोडी शिल्लक राहील. सावईच्या ताईंची रेतीची पोती पुस्तकात न बघताच बरोबर जागी पडलीत.

---

निगडी_ते_नरक | ५ जून, सकाळी ९:१२

पुण्याहून. मी नेहमी सांगतो ते इथेही सांगतो: साधी ४×४ म्हणजे प्रत्यक्षात दोनच चाकांची गाडी. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक मोकळं झालं की ताकद त्यातच वाया जाते. पुढचं एक आणि मागचं एक चाक हवेत गेलं की चार चाकं असूनही गाडी जागेवर. त्यापेक्षा ४×२ मध्ये मागे लॉकर टाका, दोन्ही चाकं एकत्र फिरतील. वजन कमी, भाग कमी, खर्च कमी. पुढचं हौसिंग, पुढचा प्रोपेलर शाफ्ट, ट्रान्सफर केस (पुढच्या चाकांकडे ताकद वळवणारी पेटी), हे सगळं बारा महिने वाहून नेता आणि वापरता चार दिवस.

---

गणिती_म्हापसा | ५ जून, सकाळी ९:४०

दगडधोंड्यात, चाक हवेत जाण्याच्या जागी, पटतं. पण काजूवाल्यांच्या वाटेवर चाक हवेत जात नाही, सगळी चाकं एकाच चिखलात असतात. लॉकर मागच्या वजनाचा वाटा वाढवत नाही, आहे तो वाया जाऊ देत नाही एवढंच. वरचे ०.३७ हे दोन्ही मागची चाकं पूर्ण ओढतायत असं धरूनच काढलेत. म्हणजे तुमचा लॉकर त्यात आलाच.

---

सावईची_लेक | ५ जून, सकाळी १०:०२

आणि वाट एका बाजूला कलती असेल तर लॉकरने मागची दोन्ही चाकं एकदम घसरतात आणि गाडीचं ढुंगण थेट खालच्या बाजूला जातं. लॉकर नसेल तर निदान एक चाक गप्प राहून गाडी धरून ठेवतं. आमच्या शेजाऱ्यांची गाडी अशीच पोफळीत जाऊन बसली होती. तीन पोफळी गेल्या.

---

बाकावरचा_बाब | ५ जून, दुपारी १२:२०

जरा अवांतर. गोव्यात भाड्याच्या ज्या थार फिरतात, त्यातल्या किती जणांनी गिअरच्या शेजारचा तो दुसरा दांडा एकदा तरी हलवला असेल? आणि ज्यांनी हलवला ते सगळे किनाऱ्यावर रुतलेले सापडतात. मग ट्रॅक्टर, मग पोलीस, मग व्हिडिओ.

---

संपादक_मंडळ | ५ जून, दुपारी १२:४५

अवांतर थोडक्यात ठेवा. आणि वाचकांसाठी: गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेणं बेकायदा आहे. म्हादई आणि नेत्रावळी अभयारण्यांतल्या जंगलवाटांचीही चौकशी इथे नको. हा धागा खाजगी जमिनीवरच्या वाटेचा आहे, तसाच राहू दे.

---

दोडामार्गी | ५ जून, दुपारी ३:१५

बाजारात काय आहे ते थोडं. कंपन्यांनाही कळलंय की बहुतेकांना रूप हवं असतं, पुढची चाकं नकोत. थार २०२० मध्ये नवी आली ती फक्त ४×४ म्हणून, आणि २०२३ च्या जानेवारीत तिची मागच्या चाकांवर चालणारी स्वस्त आवृत्ती आलीच. इसुझूच्या पिकअप दोन्ही प्रकारांत मिळतात. हायलक्स २०२२ मध्ये भारतात आली ती ४×४ म्हणूनच, पण तिच्या किमतीत तुमची अख्खी बाग येईल. फोर्सच्या गुरखाला पुढचं-मागचं दोन्ही लॉकर कंपनीतूनच मिळतं, पण हौदा नाही. जुनी जिप्सी हलकी आणि चिखलात राणी, पण पाचशे किलो खत टाकलं की तिची दया येते.

म्हणजे माल वाहायचा असेल तर जुनी पिकअपच. तिथे तुमचं बरोबर आहे.

---

फोंड्याचा_मेस्त्री | ५ जून, रात्री ११:१०

दिवसभर गॅरेजमध्ये होतो, आत्ता सगळं वाचलं. बोलता छान सगळे. मला एकच प्रश्न आहे, आणि तो अजून कुणी विचारला नाही.

काजूवाला, तू अडतोस कुठे? चढताना की उतरताना?

---

काजूवाला_वाळपई | ६ जून, सकाळी ६:५५

मेस्त्री, खरं सांगू? कधी विचारच केला नव्हता. गेल्या वर्षी भावोजींची ४×२ खत घेऊन खाली नेली होती. चढताना दोनदा ढकलावी लागली, ते लक्षात राहिलं, कारण चिखल आमच्या तोंडावर उडाला. पण घाबरलो होतो ते उतरताना. पहिल्या गिअरमध्येही गाडी धरत नव्हती. ब्रेकला पाय लावला की मागची बाजू फिरायला बघायची. शेवटी मेरेला, म्हणजे बांधाला, टेकून थांबली. मेर नसती तर व्हाळात.

चढ साधारण गणिती म्हणतात तेवढाच आहे. मधे एक वळण आहे, तिथे वरून पाझर येतो, चाळीसेक मीटर कायम ओलं.

---

फोंड्याचा_मेस्त्री | ६ जून, रात्री १०:३०

हं. मग ऐक.

४×४ म्हटलं की लोक पुढची दोन चाकं मोजतात. मी दुसरा दांडा मोजतो, लो रेंजचा. ट्रान्सफर केसमध्ये आणखी एक कपात असते, ढोबळमानाने अडीचपट. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये गाडी जी चाल धरते, तिच्या अडीच हिश्शांत एक हिस्सा चाल, आणि इंजिनची पकड अडीचपट. उतारावर दोन्ही पाय जमिनीवर ठेव, ब्रेकला हात-पाय काही लावू नको, गाडी म्हाताऱ्या माणसासारखी एकेक पाऊल टाकत उतरते. शिवाय इंजिनची ती पकड चारही चाकांवर वाटली जाते. ४×२ मध्ये ती फक्त मागच्या चाकांवर, आणि उतारावर मागची चाकं आधीच हलकी झालेली असतात. म्हणून तुझी मागची बाजू फिरत होती.

पायाचा ब्रेक दोन्ही गाड्यांत चारही चाकांना लागतो, तिथे ४×४ ला काही जास्त मिळत नाही. हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. फरक आहे तो ब्रेक लावायची वेळच न येण्यात.

४×२ पिकअपला ही लो रेंज नसते. लॉकर टाक, विंच टाक, टायर टाक, ती येत नाही. उलट मोठे टायर टाकलेस तर पहिला गिअर आणखी लांब होतो, उतारावर आणखी पळते.

विंचबद्दल: वर ओढायला ती चांगलीच. पण उतरताना काय करणार? आणि बांधणार कशाला? पोफळीला बांधू नकोस, मुळासकट येईल. जुनं काजूचं झाड किंवा आंबा, तोही रुंद पट्टा लावून, नुसती तार गुंडाळून नव्हे. आणि तार ताणलेली असताना तिच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. पोरंटोरं बघायला जमतात, त्यांना आधी घरी पाठव.

---

निगडी_ते_नरक | ७ जून, सकाळी ८:४०

मेस्त्री, मान्य. मग ४×२ घेऊन तिच्यात भंगारातली ट्रान्सफर केस आणि पुढचं हौसिंग बसवलं तर? गाडी नवी, सामान जुनं, दोन लाखांत होईल.

---

फोंड्याचा_मेस्त्री | ७ जून, रात्री ९:२०

होतं. मी केलंय, एकदाच. गिअरबॉक्सचा मागचा भाग वेगळा, क्रॉसमेंबर वेगळा, प्रोपेलर शाफ्ट कापून लहान, पुढचं सस्पेन्शन वेगळं, आणि पुढचं-मागचं क्राऊन-पिनियन (चाकांकडे ताकद देणाऱ्या दातेरी चक्रांची जोडी) एकाच प्रमाणाचं नसेल तर पहिल्याच दिवशी ट्रान्सफर केस रडते. दोन लाखांत सुरू होतं, संपतं कुठे ते गिऱ्हाईक ठरवत नाही. माझ्याकडे एक गाडी आली होती, दुसऱ्या एका गॅरेजने अशीच 'कंपनीसारखी' करून विकलेली. पुढचं प्रमाण वेगळं होतं. मालक बिचारा बारा हजार किलोमीटर ४×४ न लावता फिरला म्हणून कळलं नाही. लावलं त्या दिवशी कडकड.

---

वकीलसाहेब_पणजी | ७ जून, रात्री १०:०५

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: कंपनीने मूळ जे दिलं आणि आरसीवर जे लिहिलंय, त्याच्याशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत हे पुन्हा स्पष्ट केलं. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं हेच बघते. पुढचा लोखंडी बुल बारही विसरा, २०१७ च्या डिसेंबरमध्ये केंद्राने त्याविरुद्ध राज्यांना लिहिलंय. विंच त्याच्यावरच बसवायचा विचार असेल तर आधी आरटीओत विचारा.

---

नाना_सांगे | ८ जून, सकाळी ६:१०

मी म्हातारा, मला ४×२, ४×४ कळत नाही. आमच्याकडे खाण चालू होती तेव्हा ट्रक बघितलेत. खनिज भरलेले टिपर सगळे मागच्याच चाकांवर चालायचे आणि भर पावसात चढ चढायचे. का? कारण कंपनी रोज रस्ता सारखा करायची. पाणी बाजूला काढायची.

बाबा, तुझा वाईट रस्ता चाळीस मीटर. त्यावर दोन पट्ट्या काँक्रीटच्या घाल, चाकांच्या अंतरावर, मधे माती राहू दे. वरच्या बाजूने गटार खण म्हणजे पाझर वाटेवर येणार नाही. चिरे तर आपल्याकडेच निघतात. गाडी दहा वर्षांनी भंगारात जाईल, पट्ट्या तुझा नातू वापरील.

---

डिचोलीकर | ८ जून, सकाळी ८:००

नानांना साष्टांग. माझा 'विषय संपला' मागे घेतो.

---

सावईची_लेक | ८ जून, सकाळी ८:३०

+१. पण पट्ट्यांवर आडव्या रेघा ओढून घ्या ओल्या सिमेंटवरच. गुळगुळीत केल्यात तर दुसऱ्या पावसाळ्यात शेवाळ धरेल आणि मातीपेक्षा वाईट होईल. आमच्याकडे झालंय.

---

काजूवाला_वाळपई | २१ जून, रात्री १०:१५

उशीर झाला, पण रिकाम्या हाताने आलो नाही.

दोन्ही गाड्यांचे मालक ओळखीतले, त्यांना पटवून परवा दोन्ही गाड्या वाटेवर आणल्या. तीन दिवस संततधार, म्हणजे हवी तशीच परिस्थिती. दोन्हींत खताची दहा-दहा पोती, पाचशे किलो. ४×२ ला गुळगुळीत झालेले हायवे टायर होते आणि ४×४ ला बऱ्यापैकी खोल नक्षीचे. मेस्त्री फोनवर म्हणाले, अशी तुलना म्हणजे फसवणूक, चाकं बदल. एकच मॉडेल असल्याने बदलता आली. भर पावसात आठ चाकं काढून घालणं काय असतं ते विचारू नका. भावोजी अजून बोलत नाहीत.

उतार: ४×२ चांगल्या टायरवर, पहिला गिअर. अर्ध्यापर्यंत ठीक, मग वेग वाढायला लागला, ब्रेक लावावाच लागला, आणि पुन्हा तोच प्रकार. या वेळी मेरेपर्यंत गेली नाही, पण माझा शर्ट घामाने भिजला, पाऊस असूनही. ४×४ लो मध्ये, तीही हायवे टायरवर: पाय खाली ठेवून बसलो. गाडी आपली आपण उतरली. एकदा पुढचं चाक घसरलं आणि परत लागलं. बाबा शेजारी बसले होते, त्यांनी बिडीसुद्धा विझवली नाही.

चढ: ४×२ चांगल्या टायरवर, हवा वीस पीएसआयवर आणून, पाझराच्या वळणापर्यंत आली. तिथे थांबली. तीनदा प्रयत्न केला. ४×४ हायवे टायरवर त्याच वळणावर अडकली! हे मला अपेक्षित नव्हतं. लो रेंज लावा नाहीतर काही लावा, चारही चाकं एकाच जागी फिरत होती. टायरच्या खाचांत माती भरून ते गोटे झाले होते. मग तिचे स्वतःचे टायर परत घातले आणि ती एका दमात वर आली. भावोजी तेव्हापासून बोलत नाहीत.

तर ४×४ घेतोय. साडेसातला तुटलं. विंच नाही, लॉकर नाही, पाटे आहेत तसेच. वाचलेल्या पैशांत पाच नवे टायर आणि नानांच्या पट्ट्या, पाऊस सरला की दसऱ्यानंतर. हौस राहिली थोडी, पण रंग तरी आवडीचा देईन म्हणतो. आरसीवर रंग बदलून घ्यावा लागतो, वकीलसाहेब, माहीत आहे.

---

नाना_सांगे | २२ जून, सकाळी ६:०५

गटार दसऱ्यापर्यंत थांबवू नकोस. ते आत्ता खण, पाणी कुठून येतं ते आत्ताच दिसतं.

---

गणिती_म्हापसा | २२ जून, सकाळी ७:४५

हायवे टायरवर ४×४ अडकली म्हणजे तिथली पकड ०.२५ च्या खाली गेली. माझ्या हिशोबातला ०.३ चा आकडा त्या वळणावर चुकला. नोंद घेतली.

---

फोंड्याचा_मेस्त्री | २२ जून, रात्री १०:५०

पैसे देण्याआधी गाडी माझ्याकडे आण. पुढच्या हौसिंगचं आणि ट्रान्सफर केसचं ऑइल काढून बघू. कॉफीसारखं दुधाळ निघालं तर आत पाणी गेलंय, म्हणजे आधीच्या मालकाने व्हाळातून नेली आणि ब्रीदरची (आतली हवा बाहेर सोडणारी) नळी बघितली नाही. मग भाव आणखी खाली. शाफ्टचे क्रॉस हाताने हलवून बघ, ढिले असतील तर तेही बदलू. पाचही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे घे, स्टेपनीसकट, आणि चारही सारखे झिजतील असे फिरवत राहा.

आणि डांबरावर ४×४ लावून फिरू नकोस. वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, कोरड्या रस्त्यावर त्यांना घसरायला जागा नसते, सगळा पीळ शाफ्टवर येतो. मात्र महिन्यातून एकदा, बागेत नेलीस नाहीस तरी, मातीवर शंभर मीटर लावून घे. आतलं ग्रीस आणि सील जागे राहतात. बंद ठेवलेली ४×४ नेमकी हव्या त्या दिवशी लागत नाही.

येताना केळी आण.

---

काजूवाला_वाळपई | २२ जून, रात्री ११:०५

शनिवारी सकाळी येतो मेस्त्री. एक अख्खा घड बाजूला काढून ठेवलाय. डोक्यावरून वर आणलाय, शेवटचा.